हा तो नव्हे

बालवाडीतून आला तो शिंकतच आला.
बूट काढले, टोपी काढली,
आणि आईच्या पोटाला तोंड लावून
आतल्याला हाक मारली: ए, ऐकतोस का?
तिथूनच सुरू झालं असावं सगळं.
असावं म्हणते. आम्ही नर्सेस शपथेवर काही सांगत नाही.

गानसुखने टॅक्सीत घालून आणलं तिला, पहाटे चारला.
बाहेर उणे सव्वीस. अख्ख्या उलानबातरवर
कोळशाच्या धुराचं झाकण.
दुल्मा. एकतिसावा आठवडा. ताप एकोणचाळीस पॉइंट चार.
एका वाक्याला तीन श्वास लागत होते तिला,
आणि पहिलं वाक्य हे:
"बाळ... फारसं... हलत नाहीये."

या दिवसांत छातीतली जागा कमी होते.
गर्भ वर सरकतो,
भाडेकरूने हळूहळू मालकिणीचीच खोली घ्यावी तसा,
आणि मालकीण म्हणते, घे बाबा.
शरीरही पहारा जरा सैल सोडतं.
परक्याला पोटात वाढवायचं
तर दार थोडं उघडं ठेवावंच लागतं.
त्याच दारातून हाही आला,
जो चार वर्षांच्या पोराला
नुसता शेंबूड होऊन भेटला होता.

इतरांना ब्याण्णव चालतं यंत्रावर.
हिला पंचाण्णव हवं. एका नाकावर दोघांचा संसार.
पालथं झोपवणं अवघड. डाव्या कुशीवर वळवलं,
पाठीशी उशी लावली, आणि मी आकडा बघत बसले.
एक्क्याण्णव. त्र्याण्णव. एक्क्याण्णव.
आकडा हाताने वर ढकलता आला असता
तर माझ्या बोटांना घट्टे पडले असते.

ऑक्टोबरात हीच आली होती तपासणीला.
लसीचा डबा माझ्याच टेबलावर.
म्हणाली, सासूबाई नको म्हणतात, पुढच्या वेळी बघू.
बाहेर चाळीसजणी रांगेत.
मी "बरं" म्हटलं.
दोन अक्षरं. अजून घशात आहेत.

सासू इस्पितळाच्या फाटकाशी उभी होती,
नऊ खळग्यांच्या लाकडी चमच्याने
आभाळाला दूध शिंपडत.
थेंब खाली पडून मणी होत होते.
तिला चार शब्द सुनवायलाच गेले होते मी.
तिच्या एका हातमोज्याला अंगठा नव्हता.
परत आले.

तिसऱ्या रात्री बाळाचे ठोके बसायला लागले.
त्याच्या फुप्फुसांसाठीची दोन्ही इंजेक्शनं
तेवढी देऊन झाली होती.
डॉक्टर म्हणाल्या, आता.
एक किलो चारशे साठ.
आधी रडलाच नाही. मग रडला,
कुणीतरी लांबून दार करकरवावं तसा.
दुल्माच्या घशात नळी. तिला यातलं काही माहीत नाही.

शेजारच्या खाटेवरची चादर त्याच आठवड्यात बदलली आम्ही.
तिच्याबद्दल इथे लिहीत नाही.

ज्याचा भरवसा नसतो अशा पोराला
आमच्याकडे एनेबिश म्हणतात.
म्हणजे, हा तो नव्हे.
न्यायला आलेल्याने दारात विचारावं,
आपण खरं तेच सांगावं,
आणि त्याने गोंधळून परत जावं.
नाव सासूनेच ठेवलं. मी नोंदवहीत लिहिलं,
जरा दाबूनच लिहिलं.

दहाव्या दिवशी नळी निघाली.
दुल्माचा हात आधी पोटावर गेला.
मग तिने माझ्याकडे जे बघितलं
ते मला कुणाला सांगता येणार नाही.
"आहे," म्हटलं. "काचेच्या पेटीत आहे. आहे."

मोठ्याला आत सोडत नाहीत, खोकला गेला नाही अजून.
म्हणून गानसुखने त्याचा आवाज आणला, फोनमध्ये भरून.
पेटीजवळ लावायचा होता:
ए, ऐकतोस का?
मध्येच एक शिंक.

मी आधी फोन पुसून घेतला,
स्पिरिटने, दोनदा.